'खात्रीच्या वेबसाइटची यादी द्या' या प्रश्नाचं जरा मोठं उत्तर

तुझा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहिते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तू बीड जिल्ह्यातल्या एका कॉलेजात टीवायबीएला आहेस, विषय समाजशास्त्र, आणि प्रोजेक्ट आहे ऊसतोड कामगारांच्या मुलींच्या बालविवाहांवर. गुगलवर ढीगभर माहिती येते पण दर ठिकाणी आकडा वेगळा. चॅटजीपीटीला विचारलंस तर त्याने सात संदर्भ काढून दिले, ते तू शेवटी टाकलेस, आणि मॅडमनी त्यातले तीन शोधले तर एकही सापडला नाही. आता मॅडम म्हणतायत 'ऑथेंटिक सोर्स वापर', सबमिशनला तीन आठवडे आहेत, आणि तुला हवीय ऑथेंटिक वेबसाइटची यादी.

मी कॉलेजात ग्रंथपाल आहे, बऱ्याच वर्षांपासून, तुझ्या वयाच्या मुली रोज काउंटरला समोर असतात म्हणून सरळ तूच म्हणते. यादी मी देऊ शकते, खाली काही नावं येतीलच, पण नुसत्या यादीने तुझं काम होणार नाही हे आधी सांगते. एक तर याद्या टिकत नाहीत. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या जर्नल्सची यादी अमेरिकेतले जेफ्री बील नावाचे ग्रंथपाल ठेवायचे, जगभर लोक ती वापरायचे, २०१७ च्या जानेवारीत ती बंद झाली. आपल्याकडे यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, केअर लिस्ट ही चांगल्या जर्नल्सची यादी होती, त्यात जर्नल आहे की नाही एवढंच बघायची सवय आपल्या प्राध्यापकांनाही लागली होती, ती २०२५ च्या फेब्रुवारीत यूजीसीने काढूनच टाकली. दुसरं म्हणजे एकाच साइटवरची एक गोष्ट पक्की असते आणि दुसरी तुझ्या कामाला अजिबात लागू नसते. सरकारी साइटवरचा आकडा खराच असतो पण तो तू विचारतेयस त्या प्रश्नाचा नसतो. तुझी खरी अडचण इथे आहे. हे कोणी मोजलं, काय मोजलं, कधी मोजलं, आणि मी जे वाक्य लिहितेय त्याला ते पुरतं का, एवढं तुला प्रत्येक आकड्याला विचारता आलं पाहिजे. साइट कुठली हे त्यानंतर.

तुझ्याच विषयावर करून दाखवते, कारण हा विषय त्यासाठी फार योग्य आहे.

बालविवाहाचा आकडा शोधलास की तुला साधारण तीन जातीचे आकडे दिसतील. पहिला एनएफएचएसचा, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, जे मुंबईच्या देवनारची आयआयपीएस ही संस्था करते. त्याच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा आकडा २१.९ टक्के आहे, चौथ्या फेरीत २६.३ होता. बीडचा पाचव्या फेरीतला ४३.७ टक्के, म्हणजे राज्याच्या दुप्पट. दुसरा आकडा एनसीआरबीचा, म्हणजे देशभरच्या पोलिसांकडचे गुन्ह्यांचे आकडे गोळा करणाऱ्या केंद्राच्या विभागाचा, 'क्राइम इन इंडिया' या वार्षिक अहवालातला. त्यात बालविवाह प्रतिबंधक कायदा, २००६ खाली २०२१ या वर्षात अख्ख्या देशात नोंदलेले गुन्हे जेमतेम हजाराच्या थोडे वर आहेत. आणि तिसरा जिल्ह्याचा, 'यंदा इतके बालविवाह रोखले' अशी बातमी येते तो, तो सहसा जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयातून किंवा १०९८ या चाइल्डलाइनवर आलेल्या फोनवरून निघालेला असतो.

आता मुली काय करतात, हे तिन्ही आकडे एका परिच्छेदात एकाखाली एक टाकतात, आणि वाचणाऱ्याला कळत नाही की देशात हजार की एका जिल्ह्यात चाळीस टक्के. खरं तर तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी मोजल्यात. एनएफएचएसवाले घरोघरी जाऊन विचारतात, आणि आज २० ते २४ वर्षांच्या असलेल्या बायकांपैकी कितीजणींचं लग्न १८ च्या आत झालं होतं ते सांगतात. एनसीआरबी फक्त पोलिसात गुन्हा नोंदला गेला तर मोजते, आणि त्यातही एका प्रकरणात अनेक कलमं असली तर ज्याला सगळ्यात जास्त शिक्षा त्या एकाच शीर्षकाखाली ते प्रकरण धरते, म्हणजे पोक्सोचं, लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं, कलम लागलं की ते बालविवाहाच्या रकान्यात येईलच असं नाही. आणि 'रोखलेले विवाह' म्हणजे तर जे झालेच नाहीत ते. तो आकडा वाढला तर बालविवाह वाढले असाही अर्थ होऊ शकतो किंवा गावातून फोन करणारे वाढले असाही. यातला एकही आकडा खोटा नाही, पण तिघांची बेरीज वजाबाकी करता येत नाही, तुलनाही करता येत नाही.

अजून पुढे जाऊ. तुझ्या प्रश्नात एक वाक्य होतं, की 'लॉकडाऊनमध्ये बालविवाह वाढले हे एनएफएचएस ५ वरून दिसतं, कारण तो २०१९-२१ चा सर्वे आहे'. हे वाक्य मला दरवर्षी कुठल्या ना कुठल्या प्रोजेक्टमध्ये दिसतं आणि ते चूक आहे. २०१९-२१ हा देशाचा कालावधी झाला. फील्डवर्क दोन टप्प्यात झालं होतं आणि महाराष्ट्र पहिल्या टप्प्यात होता, आपल्याकडचं काम २०१९ मध्येच उरकलं, कोविड यायच्या आधी. मग त्या आकड्यात लॉकडाऊन दिसणार कुठून? शिवाय २० ते २४ वयाच्या बायकांना विचारलंय म्हणजे त्यांची लग्नं त्याहीआधी काही वर्षं झालेली, २०१९ ला चोवीस वर्षांच्या असलेल्या बाईचं लग्न सोळाव्या वर्षी झालं असेल तर ते २०११ च्या आसपासचं. म्हणजे हा आकडा नेहमी थोडं मागचं चित्र दाखवतो. लॉकडाऊनमध्ये लग्नं वाढली नाहीत असं मी म्हणत नाही हं, वाढली असतीलही, पण ते सांगायला तुला दुसरा पुरावा लागेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. बीडचे ४३.७ टक्के हे बीड जिल्ह्याचे आहेत, ऊसतोड कुटुंबांचे नाहीत. त्या सर्वेक्षणाच्या जिल्हा फॅक्टशीटमध्ये 'ऊसतोड कामगार' असा रकानाच नाही. बीडमध्ये ऊसतोड जास्त आणि बीडमध्ये बालविवाह जास्त, म्हणून ऊसतोडीमुळे बालविवाह, ही उडी तू मारलीस तर व्हायव्हात पहिला प्रश्न तोच येईल. बीडमध्ये दुष्काळही आहे, हुंडाही आहे, आठवीनंतरची शाळा लांब असणंही आहे. तुझा तर्क बरोबर असेल, मला स्वतःला तो बरोबर वाटतो, आईबाप दिवाळीच्या सुमाराला कोयत्यावर गेले की वयात आलेली पोर गावात कोणाकडे ठेवायची हा प्रश्न या भागात घराघरात आहे. पण वाटणं वेगळं आणि दाखवणं वेगळं. तू असं लिहू शकतेस की जिल्ह्याचं प्रमाण राज्याच्या दुप्पट आहे, ऊसतोड कुटुंबांचा स्वतंत्र आकडा या सर्वेक्षणात मिळत नाही, म्हणून त्या कुटुंबांबद्दल अमुक अभ्यास आणि माझ्या मुलाखती यांचा आधार घेते. अशी दोन वाक्यं असलेला प्रोजेक्ट मी वीस पानांच्या कॉपी-पेस्टपेक्षा केव्हाही वरचा मानेन. आणि एक प्रश्न मनात ठेव, घरोघरी जाऊन केलेल्या सर्वेक्षणात तोडीला गेलेली, कुलूप लावलेली घरं कितपत आली असतील? उत्तर नाही सापडलं तर 'मर्यादा' या भागात प्रश्न म्हणूनच लिही, चालतं.

आता ते चॅटजीपीटीचे सात संदर्भ. ते काढून टाक, सगळे, सापडले नाहीत ते तीनच नाही. ते असं का करतं हे समजून घे म्हणजे पुढे घोळ होणार नाही. ते कुठल्याही कपाटातून पुस्तक काढून आणत नाही, संदर्भ साधारण कसा दिसतो हे त्याला माहीत असतं, तशा आकाराचं वाक्य ते जुळवतं, आडनाव खऱ्या अभ्यासकाचं, जर्नलचं नाव खरं, वर्ष बसेल असं, आणि लेख मात्र कधी लिहिलाच गेलेला नाही. न्यूयॉर्कमध्ये २०२३ ला दोन वकिलांनी एका विमान कंपनीविरुद्धच्या केसमध्ये अशाच न झालेल्या खटल्यांचे दाखले कोर्टात दिले, पाच हजार डॉलर दंड झाला. आताची नवीन व्हर्जन्स इंटरनेटवर शोधून लिंकसुद्धा देतात, पण लिंक खरी असली तरी तिथे तेच लिहिलंय का हे उघडून वाचल्याशिवाय कळत नाही.

संदर्भ खरा आहे का हे तपासायला दोन मिनिटं लागतात. लेखाचं पूर्ण शीर्षक अवतरण चिन्हात टाकून गुगल स्कॉलरवर शोध. डीओआय दिला असेल, म्हणजे १० आणि टिंबाने सुरू होणारा तो लांबलचक नंबर, तर तो डीओआय डॉट ओआरजीवर टाक, खरा असेल तर थेट लेखाच्या पानावर जाशील, आणि कधीकधी जाशील पण तिथे भलताच लेख असेल, ते पण बघ. डीओआय नसेल (आपल्याकडच्या मराठी नियतकालिकांना बऱ्याचदा नसतो, म्हणून ती खोटी ठरत नाहीत) तर त्या जर्नलच्या साइटवर जाऊन त्या वर्षाच्या त्या अंकाची अनुक्रमणिका बघ. तिथे नाव नाही म्हणजे लेख नाही.

चॅटजीपीटी अजिबात वापरू नको असं मी म्हणणार नाही, तुम्ही वापरणारच आणि काही कामाला ते चांगलंही आहे. इंग्रजी पेपरमधला 'कॉन्फिडन्स इंटर्व्हल' समजत नसेल तर सोप्या मराठीत समजावून घे, या विषयासाठी इंग्रजीत कुठले शब्द वापरतात ते विचार, मुलाखतीच्या प्रश्नांचा कच्चा मसुदा करून घे आणि मग आपल्या गावच्या भाषेत बदल. पण आकडा, माणसाचं नाव, वर्ष, कायद्याचं कलम, संदर्भ, या पाच गोष्टी त्याच्याकडून घ्यायच्या नाहीत. घेतल्या तर मूळ जागी जाऊन बघेपर्यंत वहीत पेन्सिलने.

शोधायचं कसं यावर थोडं बोलते, कारण मुली एकच वाक्य गुगलमध्ये टाकतात, पहिल्या पानावरच्या तीन लिंक उघडतात आणि म्हणतात मॅडम काहीच मिळत नाही. मराठीत शोधताना शब्द वेगवेगळ्या तऱ्हेने लिहून बघावाच लागतो. ऊसतोड, उसतोड, ऊस तोड, ऊसतोडणी, यातल्या प्रत्येकाला थोडे वेगळे रिझल्ट येतात. मग त्या धंद्यातले शब्द टाकून बघ, कोयता, मुकादम (टोळी नेणारा ठेकेदार), उचल (आगाऊ घेतलेले पैसे), टोळी, हंगामी वसतिगृह (आईबाप तोडीला गेल्यावर मुलांना गावातच ठेवायची सोय), साखरशाळा (कारखान्याजवळची या मुलांची शाळा). 'बालविवाह' या शब्दाने जे येत नाही ते 'हंगामी वसतिगृह' या शब्दाने येतं, कारण मुलींच्या शिक्षणावर काम करणाऱ्यांनी तो शब्द वापरलेला असतो. इंग्रजीत 'शुगरकेन कटर्स', 'केन हार्वेस्टर्स', 'सीझनल मायग्रेशन' आणि 'अर्ली मॅरेज' हे सगळं उलटसुलट करून बघ. कारण बालविवाहाला प्रत्येकजण 'चाइल्ड मॅरेज'च म्हणतो असं नाही.

गुगलमध्ये शब्दाच्या पुढे साइट, मग कोलन, मग जीओव्ही डॉट इन असं लिहिलं तर फक्त सरकारी साइटवरचं येतं. फाइलटाइप कोलन पीडीएफ लिहिलं तर पीडीएफ तेवढ्या येतात, अहवाल शोधायला हे फार उपयोगी. पण एक अडचण मराठीत कायम येते ती कोणी सांगत नाही. जुने मराठी अहवाल आणि परिपत्रकं युनिकोड यायच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतात, किंवा नुसते कागद स्कॅन करून चढवलेले असतात. डोळ्याला ते स्वच्छ मराठी दिसतं पण गुगलला त्यातला एक शब्द वाचता येत नाही, तू कॉपी करून पेस्ट केलंस तर चित्रविचित्र अक्षरं उमटतात. म्हणून 'गुगलवर मराठीत काही नाही' याचा अर्थ 'मराठीत काही नाही' असा होत नाही. अशा वेळी त्या खात्याच्या साइटवर जाऊन वर्षवार यादीतून हाताने शोधावं लागतं, किंवा लायब्ररीत छापील प्रत बघावी लागते. जिल्ह्याच्या बाबतीत 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' नावाचं प्रकाशन असतं, राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं, त्यात तालुकावार शाळा, लोकसंख्या, साक्षरता सगळं मिळतं. याच संचालनालयाची राज्याची आर्थिक पाहणी दरवर्षी बजेटच्या आधी येते, ती मराठीतही असते. हे दोन्ही तुझ्या दुसऱ्या प्रकरणाला, म्हणजे जिल्ह्याच्या ओळखीला, पुरेसे आहेत, त्यासाठी कुठल्या जनरल नॉलेजच्या ब्लॉगवर जायची गरज नाही. मात्र त्यातली लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची असणार हे लक्षात ठेव आणि तसं लिही, कारण २०२१ ची जनगणना झालीच नाही, पुढची २०२७ ची आहे. 'सध्याची लोकसंख्या' असं लिहून २०११ चा आकडा टाकणं ही अगदी नेहमीची चूक.

बातम्यांचं काय, असं तू विचारलंयस. बातमी वापर, जरूर वापर, ऊसतोडीबद्दल कितीतरी गोष्टी आधी पत्रकारांनीच बाहेर काढल्यात. पण पाच पेपरात एकच आकडा आला म्हणजे पाच पुरावे झाले असं होत नाही, बहुतेक वेळा पाचही जणांनी एकाच प्रेसनोटवरून किंवा एकाच वृत्तसंस्थेकडून घेतलेलं असतं. आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही, तेव्हा आड कुठला ते बघायचं. बातमीत 'एका अहवालानुसार' असं दिसलं की त्या अहवालाचं नाव शोध, मिळाला तर तोच वाच आणि त्याचाच संदर्भ दे. सरकारने अमुक योजना आणली अशी बातमी असेल तर शासन निर्णय शोध, महाराष्ट्र शासनाच्या साइटवर विभाग आणि तारखेनुसार ते मिळतात, प्रत्येकाला संकेतांक असतो. बातमीत 'मुलींना मोफत वसतिगृह' एवढंच असतं, जीआरमध्ये कोणत्या तालुक्यात, किती मुलींना, कुठल्या वर्षापासून हे असतं. आणि संसदेत खासदारांनी विचारलेल्या प्रश्नांना मंत्र्यांनी दिलेली लेखी उत्तरं संसदेच्या साइटवर असतात, राज्यवार तक्त्यांसकट, हा फार चांगला आणि फार कमी वापरला जाणारा सोर्स आहे. ग्रामीण भागातल्या प्रत्यक्ष कहाण्यांसाठी 'पारी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया बघ, त्यांचं बरंच काम मराठीतही आहे. पण त्या कहाण्या आहेत, टक्केवारी नाही, त्यांचा उपयोग तशाच तऱ्हेने कर.

एनजीओंचे अहवाल हा जरा नाजूक भाग. काही संस्थांनी या भागात अतिशय जीव ओतून काम केलंय आणि त्यांच्याकडची माहिती सरकारकडेही नसते. पण अहवाल दिसायला देखणा आहे, नावात 'रिसर्च' आहे, यावरून काही ठरत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी एक अभ्यास केला होता, त्यात १० इतिहासाचे अभ्यासक, १० व्यावसायिक फॅक्ट-चेकर आणि स्टॅनफर्डचेच २५ विद्यार्थी घेतले आणि काही वेबसाइट तपासायला दिल्या. विद्यार्थी आणि बरेचसे प्राध्यापकही त्याच साइटवर वरपासून खालपर्यंत वाचत बसले, लोगो बघितला, 'अबाउट अस' वाचलं आणि फसले. फॅक्ट-चेकर मात्र काही सेकंदात नवीन टॅब उघडायचे आणि या संस्थेबद्दल बाकीचे काय म्हणतात ते आधी बघायचे. संस्था स्वतःबद्दल काय सांगते यावर ते वेळच घालवत नव्हते. तू पण तेच कर. संस्थेचं नाव टाक, तिच्याबद्दल दुसऱ्यांनी काय लिहिलंय, पैसा कुठून येतो, ते बघ. मग अहवालात थेट मेथडॉलॉजीच्या पानावर जा. किती घरं, कोणती गावं, कशी निवडली, प्रश्नावली दिलीय का. 'दोनशे बायकांशी बोललो' हे ठीक आहे, पण त्या दोनशे बायका संस्थेच्याच बचत गटातल्या असतील तर तो आकडा जिल्ह्याला लावता येत नाही. मेथडॉलॉजीचं पानच नसेल तर त्यातली टक्केवारी घेऊ नको, अनुभव म्हणून उल्लेख कर.

रिसर्च पेपर मिळण्याचं मात्र कॉलेजवर अवलंबून आहे, इथे मी नक्की सांगू शकत नाही. तुझं कॉलेज सरकारी असेल तर 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' लागू असू शकतं, २०२५ पासून सुरू झालेली केंद्राची योजना, ३० प्रकाशकांची जवळपास १३ हजार जर्नल्स त्यात आहेत. खासगी संस्थेचं अनुदानित कॉलेज असेल तर एन-लिस्ट असण्याची शक्यता जास्त, म्हणजे कॉलेजांना ऑनलाइन जर्नल्स आणि पुस्तकं वाचायला देणारी सेवा, ते गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या केंद्राकडून चालतं, आणि त्याचं युजरनेम पासवर्ड तुमच्या ग्रंथपालांकडे असतं. कितीतरी कॉलेजांनी त्याचे पैसे भरलेले असतात आणि मुलांना त्याचं नावही माहीत नसतं. उद्या जाऊन विचार, 'सर आपल्याकडे एन-लिस्ट आहे का, माझं लॉगिन बनवून द्या' एवढंच म्हण.

आणि यातलं काहीच नसलं तरी शोधगंगा सगळ्यांना उघडी आहे. देशभरातल्या विद्यापीठांचे पीएचडी प्रबंध तिथे आहेत, मराठीतलेही भरपूर, आणि ऊसतोड कामगारांवर आपल्या मराठवाड्यातल्या विद्यापीठांतच काम झालेलं आहे. प्रबंध पूर्ण वाचायची गरज नाही. 'पूर्वसंशोधनाचा आढावा' हे प्रकरण आणि शेवटची संदर्भसूची उघड, कोणीतरी तीन-चार वर्षं घालून तुझ्यासाठी वाचून ठेवलेलं असतं. चांगला प्रबंध आणि भरतीचा प्रबंध दोन्ही तिथे सापडतील हे खरं, म्हणून तो प्रबंध ज्यांचा आधार घेतो तिथपर्यंत स्वतः जा. गुगल स्कॉलरवर एखादा कामाचा पेपर सापडला तर त्याखाली 'साइटेड बाय' असतं, त्यावर क्लिक केलं की तो पेपर नंतर कोणी कोणी वापरला ते दिसतं, म्हणजे एका पेपरवरून मागे आणि पुढे दोन्हीकडे जाता येतं. 'ऑल व्हर्जन्स' मध्ये कधीकधी फुकटची पीडीएफ मिळते. आणि अगदीच नाही मिळाला तर लेखकाला साधा मेल कर, नाव, कॉलेज, कशासाठी हवाय एवढं लिहून. बरेच लोक आनंदाने पाठवतात.

विकिपीडियावर मॅडम चिडतात असं लिहिलंयस. संदर्भ म्हणून देऊ नको, पण सुरुवातीला वाचायला काय हरकत आहे, खालच्या तळटीपांतून मूळ कागदाकडे जायचं. मराठीत संकल्पना समजून घ्यायची असेल तर मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे, त्यात नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं, फक्त जुन्या खंडातली नोंद असेल तर त्यातली आकडेवारीही जुनी असणार.

तुझ्या वर्गातल्या काहीजणी प्रोजेक्टचा पेपर करून छापणार आहेत, 'हजार-दीड हजारात तीन दिवसात पब्लिश', असं तू शेवटी लिहिलंयस. अजिबात नको. खऱ्या जर्नलमध्ये तुझा लेख दुसरे अभ्यासक वाचतात, शंका काढतात, त्याला महिने लागतात. तीन दिवसात पैसे घेऊन छापलेला पेपर उद्या एमएला, पीएचडीला गेलीस की तुझ्याच नावावर दिसत राहणार. आणि असल्या जर्नलमधले लेख संदर्भ म्हणूनही घेऊ नको. नाव भारदस्त, विषय भौतिकशास्त्रापासून संत साहित्यापर्यंत सगळे, संपादक मंडळातल्या लोकांचा विद्यापीठाच्या साइटवर पत्ता नाही, असं दिसलं की पुढे जा.

नोट्स काढतानाची एक सवय लाव, बाकी सगळं विसरलीस तरी चालेल. वाक्य वहीत उतरवलं की त्याच क्षणी शेजारी लेखक, वर्ष, पान नंबर, आणि लिंक असेल तर कधी बघितली ती तारीख. नंतर करू म्हटलं की शेवटच्या रात्री ते होत नाही आणि मग माणूस चॅटजीपीटीला संदर्भ विचारतो. लॅपटॉप असेल तर झोटेरो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, नसेल तर वही उत्तम. शब्दशः घेतलेलं असेल तर अवतरण चिन्ह वहीतच टाक, म्हणजे पुढे आपलं कोणतं आणि त्यांचं कोणतं हे कळतं. इंग्रजी परिच्छेदाचं मराठी करून संदर्भ न देता टाकला तर सॉफ्टवेअरला सापडत नाही असं मुलं एकमेकांना सांगतात, सापडो न सापडो, ती चोरीच आहे. यूजीसीचे २०१८ चे नियम आहेत, एमएपासून पुढच्या प्रबंधांना त्यात दहा टक्क्यांच्या वर साम्य आलं की कारवाई सुरू होते, साठच्या वर गेलं तर रजिस्ट्रेशनच रद्द. बीएला ते तसे लागू होत नसले तरी सवय आत्ता लागते.

आता तीन आठवड्यांत हे कसं बसवायचं. माझं मत विचारशील तर आधी एक संध्याकाळ बसून तुझ्या ड्राफ्टमधल्या प्रत्येक आकड्याखाली रेघ मार, आणि समोर लिही की हा कोणी मोजला, कशाचा, कुठल्या वर्षाचा. ज्याच्यासमोर काही लिहिता येत नाही तो आकडा कापायचा. ड्राफ्ट बारीक होईल, होऊ दे. मग एनएफएचएसची बीडची फॅक्टशीट, समालोचन, एखाद-दोन प्रबंधांची आढाव्याची प्रकरणं आणि तुझ्या मुलाखती, बीएच्या प्रोजेक्टला एवढं भरपूर आहे. संदर्भ कोणत्या पद्धतीने लिहायचे, एपीए की अजून काही, हे मॅडमना विचार, विद्यापीठागणिक आणि गाईडगणिक ते बदलतं.

मुलाखतींबद्दल एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. ज्या मुलीचं लग्न १८ च्या आत झालंय तिच्या घरच्यांसाठी ती कायदेशीर अडचणीची गोष्ट आहे. तू गावातलीच आहेस म्हणून त्या तुझ्याशी मोकळं बोलतील. तेव्हा प्रोजेक्टमध्ये नाव नाही, गावाचं नाव नाही, फोटो नाही, 'अमक्या मुकादमाच्या टोळीतली' असंही नाही. रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी विचार, नाही म्हणाली तर नाही. फोनमधली रेकॉर्डिंग ग्रुपवर कोणालाही पाठवू नको, वर्गातल्या मैत्रिणीला पण नाही. आणि एखादं लग्न आत्ता ठरतंय असं बोलण्यात कळलं तर ते प्रोजेक्टसाठी लिहून ठेवत बसू नको, १०९८ वर फोन कर किंवा मॅडमना लगेच सांग.

फॅक्टशीट उघडल्यावर त्यात बालविवाहाची ओळ लग्न आणि प्रजनन या भागात असते, इंग्रजीत आहे, वय २० ते २४ असं लिहिलेलं बघ म्हणजे चुकणार नाहीस, शेजारच्या रकान्यात आधीच्या फेरीचा आकडाही दिलेला असतो. नाही सापडली किंवा शोधगंगेवर कोणता प्रबंध घ्यावा हे कळलं नाही तर इथेच खाली लिही, शक्यतो शनिवारच्या आत, पुढच्या आठवड्यात आमच्याकडे स्टॉक तपासणी आहे आणि मला वेळ मिळणार नाही.